पॉप-अप कॅम्पर घेताय? पाहुण्यांना त्यात झोपवण्याआधी या चुका टाळा

गावची म्हाई असो, गौरी-गणपती असोत की घरातलं लग्न, कोल्हापूरकडच्या घरात पाहुणा जेवून लगेच परत जात नाही. जेवणाचा प्रश्न मोठं पातेलं चुलीवर चढवलं की सुटतो. झोपायचा सुटत नाही. सोप्यात चारजण, माडीवर सहाजण, उरलेली पोरं गच्चीवर, आणि रात्री वळीव आला की सगळी अंथरुणं कवटाळून पुन्हा खाली. अशा घराला अंगणात किंवा मळ्यात पॉप-अप कॅम्पर उभा करायची कल्पना आवडणारच. चाकांवरची एक बुटकी पेटी, हँडल फिरवलं की छप्पर वर येतं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात आणि मधल्या जागेला कापडी भिंती ताणल्या जातात. दोन खोल्या बांधण्यापेक्षा खर्च कमी, आणि सुट्टीत दाजीपूरकडे न्यायलाही उपयोगी.

कल्पना चांगली आहे, पण कॅम्परला खोली समजलात की फसगत ठरलेली. त्याच्या भिंती कापडाच्या आहेत, म्हणून पाणी, हवा आणि वजन या तिन्हींचा विचार सतत करावा लागतो. बहुतेक तक्रारींचं मूळ यातच सापडतं.

‘सहाजण आरामात झोपतात’ यावर विसंबणं

हा हिशेब असा केलेला असतो: दोन बाहेर सरकणाऱ्या पलंगांवर दोन-दोन आणि मधलं टेबल खाली पाडून त्यावर दोन. कागदावर सहा भरतात. पण सहाजणांच्या बॅगा, चपला आणि रात्री पाण्याला उठणारं पोर त्या हिशेबात नसतं. चार मोठी माणसं, किंवा आई-बाप आणि तीन लहान मुलं, एवढंच धरा. शिवाय बाहेरचे पलंग साधारण कमरेच्या उंचीवर असतात. गुडघे दुखणाऱ्या आत्याला तिथं चढवणं आणि मध्यरात्री अंधारात उतरवणं हा छळ आहे. वडीलधाऱ्यांना घरात, संडासाजवळची खोली द्या आणि तरण्यांना कॅम्परमध्ये पाठवा. पाहुण्यांचा मान म्हणून उलटं करायचा मोह होतो, तो आवरा.

पलंगाखालचे टेकू न लावणं

बाहेर सरकवलेला पलंग हवेत लोंबकळत असतो. त्याचा भार खालच्या तिरक्या पाइपांवर येतो. ‘आज एकच रात्र आहे’ म्हणून ते पाइप न लावता झोपलं की आधी रूळ वाकतो आणि मग पलंग परत आत जात नाही. कंपनीच्या कॅम्परवर प्रत्येक पलंग किती भार पेलतो ते लिहिलेलं असतं. स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला असेल तर तसं काही लिहिलेलं नसतं, म्हणून तपासणी आपणच करायची. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. तीन माणसांसाठी पलंग असेल तर सहा-सात पोती एकेक करून, पसरून ठेवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी वेल्डिंगचे सांधे व रूळ नीट बघा. तोवर खाली कुणी जायचं नाही. झोपलेला माणूस कूस बदलतो, पोरं उड्या मारतात, त्यामुळे माणसांच्या वजनाइतकीच पोती ठेवून भागत नाही.

ट्रॉलीच्या सांगाड्यावर कॅम्पर बांधून घेणं

कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांत लोखंडाचं काय होत नाही? पण आपल्याकडचा हात उसाच्या ट्रॉलीवर बसलेला आहे, आणि ट्रॉलीची स्प्रिंग कित्येक टनांचा माल डोळ्यांपुढे ठेवून घातलेली असते. तीच हलक्या कॅम्परखाली घातली तर ती दबतच नाही. प्रत्येक खड्ड्यात पेटी उडते, छपराचे खांब खिळखिळे होतात, कापडाची शिवण उसवते. एकूण वजन आधी ठरवा आणि त्या वजनाला बेतलेली स्प्रिंग मागा. कारागिराला ट्रॉलीसारखंच मजबूत करायचं असतं, त्याच्याशी इथं थोडा वाद घालावाच लागेल.

कागदपत्रांचं भान वेल्डिंग सुरू होण्याआधी ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरही मोटार वाहनातच मोडतो, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते. आधी आरटीओत विचारा, मग लोखंड कापा. आणि चालत्या कॅम्परमध्ये माणूस बसवायचा नाही, देवाला जायचं असलं तरी.

सपाटी न बघता जॅक फिरवणं

दार अडकतंय, पलंग अर्ध्यावरच थांबतोय, झोपल्यावर रक्त डोक्याकडे उतरतंय. या तिन्ही तक्रारींचं कारण बहुधा एकच असतं: कॅम्पर तिरका उभा आहे. आधी डावी-उजवी बाजू समान करा, ती चाकाखाली फळी घालून. मग चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, तेव्हाच गाडीपासून सोडवा आणि पुढच्या जॅकने पुढचं-मागचं जुळवा. चार कोपऱ्यांचे जॅक सगळ्यात शेवटी. ते हलू नये म्हणून टेकवायचे असतात, त्यांनी पेटी उचलायला गेलात तर सांगाडा पिळतो. नदीकाठच्या काळ्या रानात एक सर पडली तरी जॅक मातीत शिरतो, म्हणून त्याखाली फरशीचा तुकडा किंवा जाड लाकूड ठेवा.

सकाळी छतावरून थेंब पडतात, म्हणजे गळती आहे असं धरणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. थंडीत चार-पाच माणसं झोपतात, सकाळी आतून सगळं ओलं. मालक वैतागून बाहेरून सिलिकॉन थापतो. पुढच्या रात्री पुन्हा तेच.

रात्री पाऊसच नव्हता, तर पाणी आलं कुठून? माणसांच्या श्वासातून. झोपलेला एक माणूस रात्रभरात अंदाजे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. पाचजणांचं सव्वा लिटर झालं. ती वाफ थंड छताला आणि कापडाला लागून थेंब होते. ओळखायची खूण सोपी आहे. गळती एकाच जागी, शिवणीपाशी किंवा कोपऱ्यात, आणि फक्त पावसात दिसते. श्वासाचं पाणी सगळीकडे सारखं पसरतं आणि गादीच्या खालूनही लागतं. त्यावर उपाय सिलिकॉन नाही, समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून चार बोटं उघड्या ठेवणं हा आहे. ‘गार वारं लागंल’ म्हणत घरातली मोठी माणसं त्या बंद करतील. त्यांना आणखी एक वाकळ द्या, खिडकी उघडीच राहू दे. प्लायवूडवर थेट गादी टाकण्याऐवजी मध्ये काथ्याची चटई घाला, खालून हवा फिरते.

इथंच कापडाची निवड आडवी येते. पाणी आत येऊ नये म्हणून पुष्कळजण चारही बाजूंना ट्रकवरची प्लॅस्टिकची ताडपत्री लावून घेतात. ती पाऊस अडवते हे खरं, पण आतली वाफही बाहेर सोडत नाही. छप्पर पक्कं असावं आणि भिंतींना जाड सुती कॅनव्हास, असं माझं मत. नवा सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात शिवणीतून थोडा पाझरतो, त्याला घाबरू नका. पाहुणे यायच्या आधी एक-दोनदा पाइपने पूर्ण भिजवून वाळवा. धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात. पाऊस पडत असताना अंथरूण किंवा हात आतून त्या कापडाला टेकला की तिथून पाणी झिरपायला लागतं, म्हणून गादी भिंतीपासून थोडी आत.

आणि वळीव. मार्च ते मे, दुपारनंतर आभाळ भरून आलं की आधी वारा सुटतो. बाहेरची कापडी पडवी उघडी राहिली तर वारा ती उचलून छपरासकट पिळतो. कॅम्परजवळ कुणी जागं नसेल तेव्हा पडवी गुंडाळलेलीच असावी.

आत शेगडी ठेवणं

नाही. कोळशाची नाही, गॅसची नाही, दहा मिनिटंही नाही. कोळसा विझत आला तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. पांढरा रस्सा बाहेर चुलीवर शिजू दे.

घरातून वायर ओढताना

कॅम्परची पेटी लोखंडी, खाली ओली जमीन आणि वायर खिडकीतून ओढलेली, त्यात दोनच तारांची. असं करू नका. तीन तारांची वायर घ्या, अर्थिंग पेटीच्या सांगाड्याला जोडून घ्या आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. कूलर लावायचा असेल तर रोलवरची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

छप्पर एका कोपऱ्यात अडकलं की जोर लावणं

तीन कोपरे वर आणि एक मागे राहिला, तर हँडल आणखी फिरवू नका. बहुतेक वेळा त्या कोपऱ्याच्या नळीत धूळ बसलेली असते किंवा छप्पर उचलणारी आतली तार सैल पडून गुंतलेली असते. छप्पर हळूहळू खाली घ्या, नळ्या कोरड्या कापडाने पुसा, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस फासलं की मातीचा लेप होतो. हँडलच्या विंचमध्ये (तार गुंडाळणाऱ्या चरखीत) ब्रेकची चकती असेल तर तिला तेलाचा थेंबही लागू देऊ नका, नाहीतर हात सोडताच छप्पर खाली येईल. तारेचे धागे तुटलेले दिसले तर तार बदलायची, गाठ मारायची नाही.

ओढताना आणि ठेवताना

आपली गाडी किती वजन ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत बघा. तिथं काहीच लिहिलेलं नसेल तर ती ओढण्यासाठी बनवलेली नाही असं समजा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर हवा. सामान मागे भरलं की कॅम्पर वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागतो. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. गळीत हंगामात रात्री ओढू नका, बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात.

परत आल्यावर कॅम्पर ओला मिटला असेल तर दुसऱ्याच दिवशी उघडून वाळवा. दोन-तीन दिवसांत काळी बुरशी धरते आणि तिचा डाग जात नाही. शेतात ठेवणार असाल तर उंदरांची भोकं स्टीलच्या जाळीने बंद करा, ऊस तुटला की ते आसरा शोधत येतात. चिखली, आंबेवाडी किंवा शिरोलीच्या बाजूचे असाल तर जूनमध्येच कॅम्पर उंचावर हलवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचेपर्यंत थांबलात, तर ओढून न्यायला रस्ता उरेलच असं नाही. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.