बेळगाव सीमाभागात 108 रुग्णवाहिका बोलावताना

कर्नाटकात 108 क्रमांकाची ‘आरोग्य कवच’ ही मोफत रुग्णवाहिका सेवा 2008 साली सुरू झाली. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि बेळगाव परिसरात हा क्रमांक आता लहान मुलांनाही पाठ आहे. तरीही प्रत्यक्ष प्रसंगी मोलाची मिनिटे वाया जातात ती बहुतेक वेळा पत्ता सांगताना. बेळगावातून लावलेला 108 चा फोन बेळगावात वाजत नाही. तो सुमारे 500 किलोमीटर दूर, बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. फोन घेणाऱ्या व्यक्तीने आपले गाव कधी पाहिलेले नसते, आणि ‘कलमेश्वर देवळाच्या मागे, पाटलांच्या मळ्याजवळ’ असे सांगितल्यास तिला काहीच बोध होत नाही.

म्हणून पत्ता नेहमी मोठ्याकडून लहानाकडे सांगावा: प्रथम जिल्हा, मग तालुका, मग ग्रामपंचायत, मग गाव आणि शेवटी खूण. तालुका सांगणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे एकाच नावाची गावे अनेक आहेत. बेळगाव तालुक्यातच येळ्ळूरजवळचे सुळगे वेगळे आणि उचगावजवळचे सुळगे वेगळे. नुसते ‘सुळगे’ म्हटल्यास गाडी शहराच्या भलत्याच बाजूला जाऊ शकते. जिल्ह्याचे नाव सांगताना ‘बेळगावी’ हे सरकारी नावही उच्चारावे, म्हणजे समोरच्या पडद्यावर ते लगेच सापडते. खूण म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, बसथांबा, पेट्रोल पंप किंवा मुख्य रस्त्यावरचा क्रॉस, म्हणजे फाटा, सांगावा. मळ्याची, गल्लीची बारीक माहिती नंतर चालकाला देता येते, कारण गाडी निघाल्यावर तिच्यातील कर्मचारी आपल्याला परत फोन करतात आणि ते सहसा याच भागात काम करणारे असतात. त्यासाठीच, नातेवाइकांना कळवायचे असेल तर ते दुसऱ्या मोबाइलवरून कळवावे आणि 108 ला लावलेला फोन मोकळा ठेवावा.

सीमेलगतच्या गावांची आणखी एक अडचण आहे. बाची, तुरमुरी या बाजूला किंवा निपाणीच्या पुढे कोगनोळीकडे मोबाइल कधी कधी महाराष्ट्रातील टॉवर पकडतो, आणि महाराष्ट्रातही सेवेचा क्रमांक 108 च असल्याने फोन तिकडच्या केंद्रात जातो. तिथे मराठीत उत्तर मिळाल्याने आपल्याला हायसे वाटते, पण त्या केंद्राकडे आपल्या तालुक्यातील गाड्या नसतात. त्यामुळे पहिल्याच वाक्यात ‘मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातून बोलतो आहे’ असे सांगावे. फोन सीमेपलीकडे लागला असल्याचे कळले, तर वाद घालत बसू नये. घरातील दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून पुन्हा 108 लावावा, किंवा बेळगाव वा खानापुरात असलेल्या नातेवाइकाला आपल्या वतीने फोन करायला सांगावे. 112 हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीचा एकत्रित क्रमांकही वापरता येतो.

भाषेचे दडपण घेण्याचे कारण नाही. हिंदीत सांगितले तरी काम भागते. परंतु घरातील ज्याला कन्नड चांगले येते त्याने बोलावे, आणि तसे कोणी नसेल तर दोन-चार शब्द प्रत्येकाला यावेत असे मला मनापासून वाटते: अपघातासाठी ‘अपघात आगिदे’, छातीत दुखत असल्यास ‘एदे नोवु’, बाळंतकळांसाठी ‘हेरिगे नोवु’ आणि सर्पदंशासाठी ‘हावु कच्चिदे’. एवढे शब्द कानी पडले की पुढचे प्रश्न योग्य दिशेने येतात. ते प्रश्न ठरलेले असतात: रुग्णाचे वय काय, तो शुद्धीवर आहे का, श्वास घेतो आहे का, रक्तस्राव किती आहे. त्यांची उत्तरे देण्याने गाडीला उशीर होत नाही. कोणती गाडी पाठवायची हे त्यावरून ठरते. साध्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजन, स्ट्रेचर, मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या फळ्या आणि प्रशिक्षित कर्मचारी असतो, तर प्रगत गाडीत व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्रही असते. प्रगत गाड्या कमी असल्याने ‘मोठीच गाडी पाठवा’ असा हट्ट धरू नये. रुग्णाचे वर्णन अचूक करणे हाच खरा मार्ग आहे.

राष्ट्रीय महामार्ग 48 वर, म्हणजे निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर या पट्ट्यात अपघात झाल्यास 1033 हा महामार्गाचा क्रमांकही उपयोगी पडतो. तिथे किलोमीटरचा दगड वाचून सांगावा आणि दिशाही सांगावी, ‘कोल्हापूरकडून बेळगावकडे जाणाऱ्या बाजूला’ अशी. मध्ये दुभाजक असल्यामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावे लागते.

गाडी निघाल्यावर एका माणसाला क्रॉसवर उभे करावे, रात्री असल्यास बॅटरी घेऊन. घरात राहिलेल्यांनी रुग्णाकडे लक्ष द्यावे. रुग्ण हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वासही नीट घेत नसेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि ते सारखे उचलून पाहू नये. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर ते नेमके किती वाजता सुरू झाले हे कागदावर लिहावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

सर्पदंशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण भातशेती, ऊस आणि जंगल यांनी वेढलेल्या आपल्या भागात पावसाळ्यात तो धोका घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिविष चालते. म्हणून साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नसते. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, त्यावर पाला लावू नये. अंगठी, कडे, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ते रुततात. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू देऊ नये. दवाखान्यात कधी कधी डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात. त्या वेळी नातेवाइकांना वाटते की उपचार होत नाहीत. वस्तुतः रक्त गोठते की नाही यावरून घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे का, हे ते पाहत असतात. मांत्रिकाकडे घालवलेला तासच येथे जीव घेतो, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

खानापूर तालुक्यातील कणकुंबी, आमगाव आणि भीमगड जंगलातील वस्त्यांवर गाडी दारापर्यंत पोहोचेलच असे नाही. ओढे भरून वाहत असताना आणि मोबाइलला रेंज नसताना रुग्णाला रस्त्यापर्यंत आणणे हेच पहिले काम असते. दोन मजबूत बांबूंवर घोंगडी दोन्ही बाजूंनी दुमडून घेतल्यास रुग्णाच्याच वजनाने ती घट्ट राहते आणि चौघांना वाहून नेता येते. कोणत्या टेकाडावर रेंज मिळते हे गावात सर्वांना माहीत असावे, आणि रुग्णाला उचलण्यापूर्वीच एकाने तिकडे धावावे. गर्भवतीला मात्र दिवस भरण्याच्या दोन आठवडे आधीच जांबोटी किंवा खानापुरातील नातलगांकडे ठेवणे शहाणपणाचे आहे. तिचे थायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातील तपासण्यांची नोंद असलेले सरकारी कार्ड, पिशवीत वर ठेवावे.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला लोक कचरतात, ते पोलिसांच्या भीतीने. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या 134अ कलमामुळे जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. केंद्र सरकारच्या 2025 च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. योजना देशभर लागू असल्याने जखमी व्यक्ती महाराष्ट्रातील की कर्नाटकातील, हा प्रश्न येत नाही.

शेवटचा वाद बहुधा गाडीच्या दारातच होतो: कुठे न्यायचे? निपाणीकरांना कोल्हापूर जवळचे वाटते, अथणीकरांना मिरज. 108 ची गाडी मात्र सर्वसाधारणपणे जवळच्या योग्य सरकारी दवाखान्यात नेते, आणि गंभीर रुग्णासाठी तेच हिताचे असते; श्वास व रक्तदाब सावरल्यावर पुढे हलवता येते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायचे असो किंवा सीमेपलीकडे न्यायचे असो, निघण्यापूर्वी डॉक्टरांची रेफरल चिठ्ठी, दिलेल्या औषधांची व वेळांची नोंद आणि तपासण्यांचे कागद मागून घ्यावेत. जिथे न्यायचे तिथे खाट, आणि गरज असल्यास व्हेंटिलेटर शिल्लक आहे का, हे डॉक्टरांकरवी फोनवर विचारावे. खासगी रुग्णवाहिका करावी लागल्यास भाडे आधी ठरवावे, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा स्वतः पाहावा, आणि प्रवासात रुग्णाशेजारी प्रशिक्षित माणूस बसणार आहे याची खात्री झाल्यावरच गाडी हलू द्यावी.