वर्म शिरला की हमखास होणाऱ्या चुका

"अहो, पण मी कुठली मेलच उघडली नाही!" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. वर्म म्हणजे नेटवर्कवरून आपणहून एका मशीनमधून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्रॅम. त्याला तुमच्या क्लिकची गरजच नसते. मशीन चालू आहे, नेटवर्कमध्ये आहे आणि विंडोजमधलं भोक बुजवलेलं नाही, एवढं त्याला पुरतं.

एकेक मशीन साफ करत बसणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. २००९ साली एका कॉम्प्युटर क्लासमधून बोलावणं आलं. सोळा मशीन, आणि सगळ्यांत कॉन्फिकर नावाचा वर्म. खूण ठरलेली: बाकी साइट धडाधड उघडतात, अँटिव्हायरसच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या तेवढ्या उघडत नाहीत. तिथला मुलगा दोन दिवस खपत होता. सोळावं मशीन साफ होईपर्यंत पहिल्याला पुन्हा लागण झालेली असायची. मी पोचलो तेव्हा क्लास सुटला होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि टेबलाखालच्या स्विचवरचे सगळे दिवे मात्र सारखे लुकलुकत होते. कोणी काम करत नसताना ही मशीन एकमेकांशी काय बोलत होती?

स्विचची पिनच उपसली. दिवे विझले, आणि मग खरं काम सुरू झालं. प्रत्येक मशीनवर सीडीवरून पॅच (म्हणजे भोक बुजवणारं अपडेट), सफाईचं टूल, नवा पासवर्ड. सगळीकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड १२३ होता. कॉन्फिकर सोबत सोप्या पासवर्डांची यादीच बाळगतो, आणि १२३ त्या यादीत आहे. ज्या पॅचने हे भोक बुजतं तो ऑक्टोबर २००८ मध्येच आला होता. वर्म आला नोव्हेंबरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थ्याने पेनड्राइव्ह लावला. समोर आलेल्या खिडकीत फोल्डरचं चित्र, शेजारी 'फोल्डर उघडा' अशा अर्थाची ओळ. फक्त ती ओळ 'प्रोग्रॅम चालवा'च्या रकान्यात होती. त्याचा हात वेळेवर धरला म्हणून वाचलो. तेव्हापासून ऑटोरन (ड्राइव्ह लावताच ही खिडकी आणणारी सोय) बंद केल्याशिवाय मी कुठल्याही मशीनवरून उठत नाही.

अपडेट 'नंतर बघू' म्हणणं

फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय वर्म १२ मे २०१७ ला सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते! तरीही आज नवशिकी पोरं व्हिडिओ बघून अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकतात, मशीन फास्ट होतं म्हणून. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या मशीनवर कुणाचे तरी हिशेब असतात, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो असतात. अपडेटला अर्धा तास लागत असेल तर जेवायला जाताना लावा. मी तेच करतो.

'माझं मशीन पॅच केलंय' म्हणून निर्धास्त राहणं

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा वर्म आला. तो त्याच भोकातून शिरायचा, शिवाय एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड चोरून पॅच केलेल्या शेजाऱ्यातही घुसायचा. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, आणि झळ आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचली. म्हणून सगळ्या मशीनला एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवू नका, आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात:

- बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावून ठेवणं. वॉनाक्राय तीही कुलूपबंद करतो. बॅकअप झाला की काढा, कपाटात ठेवा.
- जुना एसएमबी १ (विंडोजची नेटवर्कवर फाइल वाटण्याची जुनी पद्धत) चालू ठेवणं. जुना स्कॅनर अडून बसत असेल तर स्कॅनर बदला.
- राउटरवर ४४५ पोर्ट (त्याच फाइलवाटपाचा दरवाजा) बाहेरून उघडा ठेवणं. कुठलंही कारण चालणार नाही.
- वॉनाक्रायला थांबवणारा डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) 'संशयास्पद' म्हणून फायरवॉलवर (नेटवर्कच्या पहारेकऱ्यावर) अडवणं. तो डोमेन सापडला तरच वॉनाक्राय गप्प बसतो.
- खंडणी भरणं. पैसे जातात, फाइल परत येतील याची हमी कोणी देत नाही.

आणि फॉरमॅट मारल्या मारल्या केबल लावू नका. २००३ च्या ब्लास्टर वर्मच्या वेळी विंडोज एक्स्पीची फायरवॉल मुळात बंदच असायची. पॅच उतरवायला नेट लावलं की तो पूर्ण उतरायच्या आत मशीन बंद होण्याची साठ सेकंदांची उलटी मोजणी पडद्यावर यायची. म्हणून पॅच दुसऱ्या, चांगल्या मशीनवर उतरवून मी सीडीवर घेतो. पेनड्राइव्हवर वर्म स्वतःला लिहू शकतो, एकदा बंद केलेल्या सीडीवर नाही.