जुन्या बुलेटची टॅपेट घरीच सेट करायची तर

टॅपेट सेट करणं म्हणजे इंजिनचे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांचा गॅप ठरवणं. आधीच सांगतो, हे फक्त जुन्या कास्ट आयर्न इंजिनवाल्या बुलेटसाठी आहे. नंतरच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असतं ते) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारी टॅपेट येतात, तिथे सेट करण्यासारखं काही नसतंच, उगाच खोलत बसू नका.

इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्यायची, चहा झाल्यावर. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही, बोटंच गेज. दोन पातळ पाने (स्पॅनर) मात्र हवेतच, जाड पाना टॅपेटच्या झाकणामागच्या खिडकीत नीट बसत नाही आणि मग नटाचे कोपरे जातात.

गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा. उजव्या बाजूला सिलिंडरच्या खाली टॅपेटचं झाकण असतं, एकच नट, तो काढा, कॉर्कचं पॅकिंग फाटू देऊ नका. आत दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या त्या दांड्या, दिसतील.

आता पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणायचा, तोही कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला (दोन्ही व्हॉल्व बंद असतात तेव्हा), आणि गडबड होते ती इथेच. टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा, प्लगच्या भोकात एखादी लांब स्ट्रॉ धरा (लोखंडी काही नको), ती वर येऊन थांबली की टीडीसी. त्या जागी दोन्ही रॉड ताठ असले तर तुम्ही चुकीच्या स्ट्रोकला आहात, इंजिनचा अजून एक पूर्ण फेरा द्या.

मग एकेक रॉड दोन बोटात धरून फिरवून बघा. सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलवला तर खेळ जाणवता कामा नये. बस, एवढंच सेटिंग. घट्ट असला किंवा खडखड करत असला तर एका पान्याने ॲडजस्टर (रॉडची लांबी कमी-जास्त करणारा भाग) धरायचा, दुसऱ्याने चेकनट (ॲडजस्टरला जागी धरणारा नट) सैल करायचा आणि ॲडजस्टर अगदी थोडा थोडा फिरवायचा, रॉडची लांबी वाढली की गॅप कमी होतो, लांबी कमी झाली की वाढतो. चेकनट आवळताना सेटिंग हमखास हलतं म्हणून आवळल्यावर परत फिरवून बघा, मला पहिल्या वेळी एका रॉडला चार वेळा करावं लागलं होतं.

आवाज एकदम बंद करायच्या नादाला लागू नका. माझ्या गाडीची टॅपेट एका मेकॅनिकने इतकी टाइट केली की आवाज गेला आणि गाडीची ताकदही गेली, कारण व्हॉल्व पूर्ण बसतच नव्हता, कॉम्प्रेशन निसटत होतं, आणि असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. थोडी टकटक राहू दे, बुलेटच आहे ती.

झाकणाचा नट बेतानेच आवळा, जोर लावला तर झाकण वाकतं आणि तिथून ऑइल गळायला लागतं. प्लग लावा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मगच किक मारा.