पुराच्या दिवसांत रेडिओवर काय ऐकावे, कसे ऐकावे : बडोदेकरांसाठी

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा बडोद्याच्या कितीतरी भागांत वीज नव्हती. चार्जिंग संपले तसे फोनही मिटत गेले. त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस कोसळला होता. दोन्ही वेळा लोकांना हवे होते ते एवढेच : पाणी कुठवर आले, आजवा धरणातून किती सोडले, आपल्या बाजूला होडी कधी येणार. म्हणून पावसाळा जवळ आला की ओळखीतले कोणीतरी विचारतेच, ‘पोलिसांचे, फायर ब्रिगेडचे वायरलेस ऐकू येईल असा स्कॅनर कुठे मिळेल?’

याचे उत्तर आधी स्पष्ट देतो. ते ऐकायचे नाही. परदेशी व्हिडिओंत लोक टेबलावर स्कॅनर ठेवून पोलिसांचे संभाषण ऐकताना दिसतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्याला मुभा आहे, ब्रिटनमध्ये नाही आणि आपल्याकडेही नाही. दूरसंचार कायदा 2023 चे कलम 42 म्हणते की दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, विमानतळाचा कंट्रोल टॉवर, सगळे त्यात आले. कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. होडीवरचा जवान कंट्रोल रूमला अर्धे वाक्य बोलतो, ते कोणीतरी ऐकतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आणि दहा मिनिटांत ‘आजवा फुटले’ म्हणून माणसे म्हाताऱ्यांना घेऊन पाण्यात उतरतात. अशा अफवेने जीव जातो.

पण हवेत सगळ्यांसाठी खुले असलेले आवाजही भरपूर आहेत, आणि आपत्तीत तेच उपयोगी पडतात. आकाशवाणी, हौशी रेडिओवाले म्हणजे हॅम, अवकाश स्थानक, हवामानाचे उपग्रह. ते घरच्या गच्चीवरून कसे ऐकायचे ते सांगतो. हे काम मे महिन्यातच करून ठेवावे. पाणी दारात आल्यावर अँटेना बांधता येत नाही.

सुरुवात साध्या रेडिओने

घरात सेलवर चालणारा, एफएम आणि मिडियम वेव्ह दोन्ही असलेला रेडिओ हवाच. प्रसारण ऐकण्याच्या रेडिओला पूर्वी पोस्टातून लायसन्स काढावे लागे, ते 1980 च्या दशकात बंद झाले, तेव्हा इथे कसलीच अडचण नाही. बडोद्याची विविध भारती 93.9 मेगाहर्ट्झवर, आकाशवाणी अहमदाबाद मिडियम वेव्हवर 846 किलोहर्ट्झला. मोबाइल टॉवर आणि इंटरनेट बंद पडले तरी दूरच्या शहरातून येणारी मिडियम वेव्ह चालू राहू शकते, यासाठी ती महत्त्वाची. ऐकताना रेडिओ हातात धरून गोल फिरवून पाहा. मिडियम वेव्हची अँटेना आत, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली असते, त्यामुळे एका दिशेला आवाज मोठा येतो, दुसऱ्या दिशेला विरतो. चांगली दिशा सापडली की खिडकीच्या चौकटीवर खूण करून ठेवा.

एक पैसाही न खर्चता सराव

पुढचा टप्पा संगणकाने ऐकायचा रेडिओ, म्हणजे एसडीआर. विकत घेण्याआधी तो ब्राउझरमध्ये वापरून पाहा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर कोणालाही उघडता येतो, आणि जगभर किवीएसडीआर नावाचे असे अनेक रिसीव्हर खुले आहेत. पडद्यावर वरून खाली सरकणारे रंगीत चित्र दिसते, त्याला वॉटरफॉल म्हणतात. त्यातल्या बहुतेक उभ्या रेघा म्हणजे कोणीतरी चालू केलेले ट्रान्समीटर. दोनतीन संध्याकाळी इथे घालवा आणि मोड, म्हणजे आवाज लहरीवर बसवण्याची पद्धत, ओळखायला शिका : एफएम प्रसारणाला डब्ल्यूएफएम, वॉकीटॉकीसारख्या बोलण्याला एनएफएम, मिडियम वेव्हला एएम, आणि 10 मेगाहर्ट्झच्या खालच्या हॅम बोलण्याला एलएसबी. एलएसबीचे बोलणे एएमवर लावले तर बदकासारखे ऐकू येते. बरेच जण इथेच ‘काही कळत नाही’ म्हणून सोडून देतात. मोड बदलून शंभर-दोनशे हर्ट्झ इकडेतिकडे सरकवले की माणसाचा आवाज लागतो.

डोंगल आणि परवाना

आरटीएल-एसडीआर हा पेनड्राइव्हएवढा डोंगल मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनला होता. तो साधारण 24 ते 1766 मेगाहर्ट्झ ऐकतो, आणि व्ही-4 ही आवृत्ती घेतली तर शॉर्टवेव्हसुद्धा. तो फक्त ऐकतो, प्रक्षेपण करत नाही. तरी वायरलेस उपकरण बाळगण्याचा विषय आपल्याकडे 1933 च्या कायद्यापासून परवान्याशी जोडलेला आहे, म्हणून माझा आग्रह असा की हे पाऊल हॅम परवान्याच्या तयारीबरोबरच टाका आणि आधी एखाद्या परवानाधारक हॅमशी बोला. हॅम मंडळी नवख्याला आनंदाने शिकवतात. मात्र ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी परवान्याशिवाय अजिबात घेऊ नका, ते प्रक्षेपण करतात. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे संच बिनदिक्कत विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या, त्या उगीच नव्हे.

विंडोजवर डोंगल जोडला की आधी झेडिग नावाचा छोटा प्रोग्राम चालवा. त्यात ऑप्शन्समध्ये जाऊन सगळी उपकरणे दाखवायला सांगा, ‘बल्क-इन, इंटरफेस झिरो’ निवडा आणि विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. यादीत कीबोर्ड किंवा माउसवर चुकून टिचकी मारू नका, नाहीतर तेच बंद पडतील. मग एसडीआर प्लस प्लस हा मोफत प्रोग्राम उघडा. तो अँड्रॉइडवरही चालतो, आणि पुराच्या दृष्टीने तेच सोयीचे : ओटीजी केबल, फोन, डोंगल आणि पॉवर बँक असली की झाले. लॅपटॉपपेक्षा वीज पुष्कळ कमी लागते.

पहिली चाचणी 93.9 वर डब्ल्यूएफएम लावून घ्या. ओळखीचे गाणे ऐकू आले की जोडणी बरोबर आहे. गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करून घ्यायचा ते, अगदी शेवटपर्यंत वाढवू नका. शहरातल्या एफएम केंद्रांचा जोर इतका असतो की डोंगल गुदमरतो आणि भलत्याच ठिकाणी भुताटकी आवाज दिसू लागतात. खालची खरखर नुकती उचलायला लागेल तिथे गेन थांबवावा.

सगळे अँटेनावर अवलंबून

डोंगलवर जास्त पैसे घालू नका, अँटेनावर वेळ घाला. दांडिया बाजार किंवा वाडीतल्या जुन्या घरात पहिल्या मजल्यावर बसून ऐकाल तर इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि चार्जरची खरखरच जास्त येईल. तोच डोंगल गच्चीवर नेला की फरक कानाला लगेच कळतो. घरातला उपद्रव कुठून येतो ते शोधायचे असेल तर रेडिओ सेलवर ठेवून मेन स्विच बंद करा, मग एकेक उपकरण चालू करत जा.

सर्वांत सोपी अँटेना म्हणजे व्ही-डायपोल. दोन अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, प्रत्येकी सुमारे 50 सेंटिमीटर, जमिनीला समांतर, मधला कोन 120 अंश. एक कांडी कोअ‍ॅक्स केबलच्या (टीव्हीला लावतात तशा) मधल्या तारेला, दुसरी तिच्याभोवतीच्या जाळीला. कोनाचे टोक उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवा. हवामान उपग्रहांसाठी कांड्या थोड्या लांब, 53 सेंटिमीटर. लाकडी काठीवर बसवून कुंडीत रोवली तरी चालते.

दोन गोष्टींची काळजी. विजा चमकू लागल्या की केबल डोंगलमधून काढून भिंतीपासून दूर ठेवा, आणि तारेची अँटेना विजेच्या तारांजवळून कधीही ओढू नका. दुसरे, उत्तरायणाच्या आधी गच्चीवरची प्रत्येक तार उतरवून ठेवावी. मांजा अडकला की पतंगवाला ओढतो, तार तुटते, आणि खालच्या गल्लीत कोणाच्या गळ्यावर येईल सांगता येत नाही.

अवकाश स्थानकाचा आवाज

व्ही-डायपोल लावल्यावर हे आधी करून पाहा, मुलांना जवळ बसवून. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 400 किलोमीटरवरून, साधारण 92 मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारते, आणि बडोदे 22 अक्षांशावर असल्यामुळे ते आपल्या डोक्यावरून नेहमी जाते. एन-टू-वाय-ओ किंवा हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळांवर वेळ बघा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिली असेल तर साडेपाच तास मिळवा. फ्रिक्वेन्सी 145.800 मेगाहर्ट्झ, मोड एनएफएम. स्थानक येताना सिग्नल साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर आणि जाताना तेवढाच खाली सरकतो, म्हणून सुरुवात थोडी वर धरून करा. प्रत्येक फेरीत कोणी बोलतेच असे नाही. शाळांशी ठरलेले संवाद असतात तेव्हा अंतराळवीराचे बोलणे थेट ऐकू येते, आणि अधूनमधून चित्रे पाठवण्याचे कार्यक्रम होतात. तेव्हा फोन स्पीकरजवळ धरून रोबोट-36 अ‍ॅपमध्ये चित्र उतरवता येते.

बोलणे नसेल तर 145.825 लावा. तिथे डिजिटल पॅकेटचे छोटे छोटे कर्रकर्र ऐकू येतात. तेही अवकाशातूनच येत असतात.

40 मीटरचा बँड : संकटातला खरा बँड

मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधले फोन कोसळले, तेव्हा हॅम मंडळींनी तिथे संच मांडून निरोप पोचवले. अशा वेळी शॉर्टवेव्ह कामी येते, कारण लहरी आयनमंडलाला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात, मधे टॉवर लागत नाही.

40 मीटर ही लहरींची लांबी, फ्रिक्वेन्सीत सांगायचे तर भारतात हॅमना इथे 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ दिलेले आहे. एलएसबी लावून सकाळी ऐका, काही शे किलोमीटरवरची स्टेशने मिळतील. अंधार पडला की पल्ला वाढतो. आपल्या भागासाठी हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीच्या संपर्कासाठी 7.110 आणि 14.300 हे केंद्रबिंदू सुचवले आहेत, ते मेमरीत टाकून ठेवा. 14.300 वर मोड यूएसबी (हा एलएसबीचा जोडीदार, केबलचा यूएसबी नव्हे). अँटेना म्हणून 20 मीटर तार मधोमध तोडून, दोन्ही बाजूंना 10-10 मीटर करून ताणली की डायपोल झाला. गच्ची लहान असेल तर मधला भाग उंच काठीवर आणि दोन्ही टोके खाली उतरवावीत. अपार्टमेंटमध्ये तेही जमत नसेल तर 10 मीटरची एकच तार बाल्कनीतून सोडा. आवाज कमी येईल, पण येईल.

व्हीएचएफवर 144 ते 146 मेगाहर्ट्झ हाही हॅमचा बँड. आपल्या भागात रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुन्हा पुढे पाठवणारा संच, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते स्थानिक हॅमलाच विचारा.

ढग स्वतः उतरवून घ्या

अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जुने हवामान उपग्रह, 15, 18 आणि 19, 2025 मध्ये निवृत्त झाले, म्हणून जुन्या लेखांतल्या 137 मेगाहर्ट्झच्या एपीटीच्या, म्हणजे जुन्या अ‍ॅनालॉग चित्रांच्या, सूचना आता सोडून द्या. आज रशियाचे मेटिओर-एम 2-3 आणि 2-4 हे उपग्रह 137.9 मेगाहर्ट्झवर डिजिटल चित्र पाठवतात. सॅटडंप हा मोफत प्रोग्राम ते थेट उलगडतो. एक फेरी दहा-बारा मिनिटांची असते. अरबी समुद्रावरून चढत येणारा ढगांचा पट्टा आपल्याच गच्चीवर उतरलेला दिसतो. पण पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभागाचाच पाहावा. आपण उतरवलेले चित्र समजून घेण्यासाठी आहे, शेजाऱ्यांना इशारे देण्यासाठी नाही.

पाणी चढू लागल्यावर

एक वही ठेवा. वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण बोलले, काय बोलले, एवढेच लिहा. आकाशवाणीवर ऐकलेले वेळेसह सोसायटीत सांगा. हॅम बँडवर ऐकलेले पुढे पाठवू नका. अपवाद एकच : कोणी मदत मागताना ऐकू आले आणि त्याला कोणी उत्तर देत नसेल, तर ऐकलेले शब्द जसेच्या तसे 112 वर किंवा जिल्हा कंट्रोल रूमच्या 1077 वर कळवा. पॉवर बँक दोन ठेवा आणि एक फोन फक्त रेडिओसाठी राखून ठेवा.

ऐकण्यात रस लागला की परवान्याचा अर्ज करा. वय 12 पूर्ण असले की परीक्षा देता येते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर. रेस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत. जनरलला मोर्सही लागते. रेस्ट्रिक्टेडवाल्याचे हवेवरचे नाव, म्हणजे कॉलसाइन, व्हीयू-3 ने आणि जनरलवाल्याचे व्हीयू-2 ने सुरू होते. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला बरोबर बसवा. ओहमचा नियम आणि आयनमंडल त्यांना शाळेतल्या पुस्तकापेक्षा इथे लवकर समजते, आणि पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गल्लीत उत्तर देऊ शकणारे एक स्टेशन असेल.