रात्री साडेदहाचा स्क्वाड टिकवायचा असेल तर

शनिवारी रात्री साडेदहाला आमचा चौघांचा स्क्वाड, म्हणजे संघ, ऑनलाइन गेमच्या लॉबीत (मॅचआधी जमण्याच्या जागी) जमतो: एक नाशिकच्या इंदिरानगरहून, एक नाशिकरोडहून, एक नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला आणि चौथा निफाडचा द्राक्षबागायतदार. मागे एका पावसाळ्यात अशी वेळ आली होती की, तिसरी मॅच संपल्यावर कोणीच रेडीचे बटण दाबत नव्हते, कोणी बोलतही नव्हते आणि माइकमधून फक्त निफाडच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात यांतले दोघे एकमेकांवर इतके खेकसले होते की, एकाने मॅच अर्ध्यावर सोडून फोन बंद केला होता. पहिला प्रकार कंटाळ्याचा होता, दुसरा चिडचिडीचा. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही, हे ध्यानात यायला आम्हाला बराच काळ लागला.

म्हणून पहिले काम निदानाचे. एक आठवडाभर प्रत्येक मॅचनंतर फोनमध्ये एकच शब्द लिहून ठेवावा: ‘नेट’, ‘माणूस’, ‘हार’ किंवा ‘तेच ते’. मॅच चांगली झाली असेल तर काहीच लिहू नये. आठवड्याच्या शेवटी जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल, तिथून सुरुवात करावी. माझ्या यादीत ‘हार’ जेमतेम दोनदा होता आणि ‘माणूस’ पानभर होता. मी मात्र तोवर सर्वांना हेच सांगत असे की, आपण हरतो म्हणून मला वैताग येतो.

‘नेट’ हा शब्द जास्त असेल तर उपाय तुलनेने सोपा आहे, कारण यंत्र रुसत नाही. गेमच्या पडद्यावर दिसणारा पिंगचा आकडा म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. नाशिक ते मुंबई हे अंतर सुमारे १७० किलोमीटर असल्यामुळे निव्वळ अंतरापोटी जाऊन-येऊन २ मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर असल्याने तिथे मात्र सुमारे ४० मिलिसेकंद प्रवासातच खर्ची पडतात. यातून एक साधा हिशेब निघतो. गेममध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल आणि मुंबईचा सर्व्हर निवडूनही पिंग दीडशेच्या घरात जात असेल, तर दोष अंतराचा नाही. तो बहुधा आपल्या घरात किंवा घरापर्यंत आलेल्या जोडणीत आहे.

घरातला दोष शोधताना आधी राउटरच्या शेजारी बसून खेळून पाहावे. आकडा लगेच सुधारला तर भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर आड येत आहेत असे समजावे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच मानली जातात, १, ६ आणि ११. गंगापूर रोडवरच्या एखाद्या दाट वस्तीच्या अपार्टमेंटमध्ये वीस-पंचवीस राउटर त्या तीन वाटांवरच गर्दी करत असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडल्यास ही गर्दी कमी होते. मात्र तो भिंतींपलीकडे फार पोहोचत नाही. संगणकावर खेळत असाल तर सरळ केबल लावावी. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे घरातलाच एखादा फोन, जो लग्नाचे व्हिडिओ रात्री गुपचूप क्लाउडवर चढवत असतो. त्याच्या मोठ्या फायलींच्या रांगेत गेमचा चिमुकला संदेश अडकतो, जशी द्वारका चौकात ट्रकांच्या मागे सायकल अडकते. बॅकअपची वेळ पहाटेची ठरवून दिली की, हा प्रश्न एका पैशाच्या खर्चाविना सुटतो. शिवाय राउटरला छोटा यूपीएस जोडावा, कारण वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत आपला गडी मैदानात पुतळ्यासारखा उभा राहतो.

एवढे करूनही नेट कधीतरी जाणारच. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि वेळ संपून दोघांचेही डाव हातचे गेले. भारतीय संघाचे कर्णधार आपल्या नाशिकचे विदित गुजराथी होते. भारताने अपील केले आणि जागतिक महासंघाने भारत व रशिया यांना संयुक्त विजेते जाहीर केले. आपल्या स्क्वाडचे अपील ऐकायला कोणताही महासंघ बसलेला नसतो. त्यामुळे नेट गेलेल्याला कोणी दोष द्यायचा नाही आणि ती मॅच कोणाच्याही खात्यावर मोजायची नाही, हे आधीच ठरवून ठेवावे.

आता ‘माणूस’. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ऑनलाइन खेळांच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहींना गुण आणि पदे मिळवायची असतात, काहींना नकाशाचे कोपरे धुंडाळायचे असतात, काहींना गप्पा मारायच्या असतात आणि काहींना समोरच्याला लोळवायचे असते. आमच्या चौघांत हे चारही नग होते. आम्ही खेळतो त्या बीजीएमआयच्या (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया; यात सगळे विमानातून उडी मारतात आणि शेवटपर्यंत टिकणारा संघ जिंकतो) एरँगल नकाशावर विमान पोचिंकी गावावरून जाऊ लागले की, एकजण थेट गावात उडी मारून भिडायला निघे, दुसरा रँक वाचवण्यासाठी कडेला उतरून लूट करू, म्हणजे आधी शस्त्रे गोळा करू म्हणे, तिसऱ्याला कुठेही चाले आणि चौथा ऑफिसातली गोष्ट सांगत असल्यामुळे पॅराशूट भलतीकडेच घेऊन जाई. चौघे एकाच गेममध्ये चार वेगळे गेम खेळत होते आणि प्रत्येकाला वाटे की, बाकीचे तिघे आपली मॅच बिघडवत आहेत.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे. पहिल्या मॅचआधी तीन गोष्टी मोठ्याने बोलून घ्याव्यात: आज रँकसाठी खेळायचे की मजेसाठी, उतरण्याची जागा कोण सांगणार आणि एकूण मॅच किती. जागा सांगण्याचा मान दर मॅचला बदलावा आणि ज्याचा मान असेल त्याच्याशी हुज्जत घालू नये, मग तो भर पोचिंकीत उतरवो की कुठल्या ओसाड बेटावर. ‘एवढी शेवटची’ असे म्हणून पुढे आणखी तीन मॅच खेळणे हे आमच्या बहुतेक भांडणांचे मूळ होते. एक वाजता थकलेला माणूस वाईट खेळतो आणि त्याहून वाईट बोलतो. गटात कोणी शाळकरी भाचा किंवा पुतण्या असेल तर हे ठरवणे अधिकच गरजेचे ठरते, कारण २०२३ मध्ये बीजीएमआय बंदीनंतर परत आली तेव्हा तिच्यात १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातलेली होती आणि असा घड्याळाचा काटा मॅच संपण्याची वाट पाहत नाही.

बोलण्याची रीत हा वेगळा विषय आहे. आपण मेल्यावर मित्राच्या पडद्यावरून मॅच पाहत ‘डावीकडे, अरे डावीकडे, तुला सांगतोय ना!’ असे ओरडणारा एक तरी गट्टू प्रत्येक स्क्वाडमध्ये असतो. आमच्याकडे तो मीच होतो. नियम असा करावा की, बाद झालेल्याने माहिती द्यावी, सल्ला देऊ नये. शिवाय ‘समोर आहे’ या माहितीला काही अर्थ नसतो, कारण प्रत्येकाचे समोर वेगळे असते. पडद्याच्या वरच्या बाजूला होकायंत्राचे आकडे असतात. ‘२१०, झाडामागे, एक’ एवढेच म्हणावे. आकडा सांगणाऱ्या माणसाला ओरडण्याची गरज भासत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

अनोळखी रँडम टीममेटशी वाद घालण्यात काहीही हशील नाही. शिवी ऐकू आल्याबरोबर म्यूट करावे, मॅच संपल्यावर रिपोर्ट करावा आणि विसरून जावे. मुलीचा आवाज ऐकताच वाह्यात बोलणारे मात्र वेगळ्या वागणुकीस पात्र आहेत. अशा वेळी गटातल्या मैत्रिणीला ‘तू माइक बंद ठेव’ असे सुचवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. सर्वांनी मिळून रिपोर्ट करावा आणि तिला लॉबी सोडावीशी वाटली तर सर्वांनी सोडावी, मग रँक किती का घसरेना.

‘हार’ या शब्दासाठी थोडे गणित पुरते. १०० खेळाडूंच्या मॅचमध्ये चौघांचे २५ संघ उतरतात. सगळे तोलामोलाचे असतील तर २५ मॅचमध्ये सरासरी एक विजय आपल्या वाट्याचा. आठवड्यातून दोनदा बसून दर वेळी चार मॅच खेळणाऱ्या गटाने तीन आठवड्यांत एकदा जिंकणे हे अपयश नसून रास्त उत्पन्न आहे. पाच विरुद्ध पाच अशा खेळांत जोडी लावणारी यंत्रणाच बरोबरीचे प्रतिस्पर्धी शोधत असते. तेव्हा निम्मे सामने हरणे हे ती नीट चालत असल्याचे लक्षण आहे. अशा निम्म्या शक्यतेने पाहिले तरी कोणत्याही पाच सामन्यांत सलग पाच हार होण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. सलग दोनदा कडवट हार झाली तर पंधरा मिनिटे फोन खाली ठेवून गॅलरीत जावे.

कंटाळ्याचे सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे वाट पाहणे. एरँगलची मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. दुसऱ्याच मिनिटाला बाद झालेला मित्र उरलेला वेळ दुसऱ्याची पाठ पाहत बसतो. अशा गटाने लिव्हिकसारखा छोटा नकाशा निवडावा किंवा टीडीएम (टीम डेथमॅच, म्हणजे दोन संघांची थेट झुंज) खेळावे, जिथे मेलेला गडी लगेच परत येतो. आमच्या निफाडच्या मित्राचा हात आमच्याइतका चालत नाही आणि तोच दर वेळी आधी बाद होई. त्यावर आम्ही बाकी तिघांनी फक्त पिस्तूल वापरायचे अशा मॅच सुरू केल्या. त्यात हसणे इतके वाढले की, रँक नावाची काही गोष्ट असते हे काही दिवस विसरायलाच झाले.

‘तेच ते’ वारंवार येत असेल तर स्वतःला विचारावे: आज बक्षिसे आणि रोजची मिशन काढून टाकली तर मी ही मॅच खेळेन का? उत्तर नाही असेल तर आपण खेळत नसून हजेरी लावत आहोत, आणि तो सीझन खुशाल सोडून द्यावा. महिन्यातून एक शनिवार दुसऱ्या खेळाला द्यावा; तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव किंवा अमंग असची एखादी फेरीसुद्धा पुरते. आम्ही कधी कधी गेम उघडतच नाही. रविवारी सकाळी मिसळीला भेटतो आणि तर्री संपेपर्यंत पोचिंकीचा विषय निघत नाही.

कोणाला काही काळ थांबायचे असेल तर त्याने गटात तसे सरळ लिहावे. रोज नवी सबब सांगत राहिल्याने इतर तिघे साडेदहापासून ताटकळत बसतात. निफाडचा मित्र ऑक्टोबरच्या छाटणीला एकदा आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीला एकदा असा दोन ओळींचा संदेश टाकतो. तेवढे आठवडे आम्ही तिघेच उतरतो आणि चौथी जागा मुद्दाम रिकामी ठेवतो, रँडम खेळाडू घेत नाही. एप्रिलमध्ये तो परततो तेव्हा पहिल्या मॅचची जागा तोच सांगतो.