‘नटरंग’ पुन्हा बघायला बसताना

सगळ्यात आधी गाणी बंद करा. ‘नटरंग’ हा तमाशावरचा सिनेमा पुन्हा बघायचं ठरलं की निदान आठवडाभर ‘अप्सरा आली’ आणि ‘वाजले की बारा’ मुद्दाम लावू नका. स्नेहसंमेलनं, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम, रिॲलिटी शो, सगळीकडे ही गाणी इतकी वाजलीत की सिनेमात ती आली की आपण नायकाला, गुणाला, विसरतो आणि नुसता ठेका धरतो. मी ढोलकी वाजवतो, त्यामुळे हा मोह मला जरा जास्तच. पण कान थोडे उपाशी ठेवले की तीच गाणी गुणाच्या गोष्टीतली म्हणून ऐकू येतात.

मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात बघू नका. त्यावर ढोलकीच्या शाई लावलेल्या पुडीचा टणत्कार येतो, पण डाव्या हाताचा घुमारा पार गायब होतो, आणि लावणी तर त्या घुमाऱ्यावरच झुलते. चांगला स्पीकर नसेल तर साधे हेडफोन लावा. संगीतकार अजय-अतुलनी मागे काय काय भरलंय ते तेव्हा कळेल: तुणतुण्याचा न सुटणारा सूर, हलगी, झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांनी, उचललेली ओळ.

तमाशाचा क्रम माहीत नसेल तर बसण्याआधी तेवढा समजून घ्या. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि शेवटी वग. गण गणपतीचा. गौळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेला निघालेल्या गवळणी. बतावणीत हजरजबाबी थट्टा. वग म्हणजे मुख्य नाट्य, त्यात राजे-राण्या येतात. गुणा कागलकर स्वतः वग लिहितो आणि त्यात त्याला राजा व्हायचंय. एवढं डोक्यात असलं की पुढे काय हातातून जातं ते नेमकं समजतं.

आता खरं बघायचं ते. गुणा मजूर आहे, पैलवान आहे. विहिरीवर पंप बसतो, हातचं काम जातं आणि गडी मिळून फड, म्हणजे तमाशाचा संच, उभा करायला निघतात. नाचायला बाई मिळते, नयना, पण फडात नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा पुरुष, हवाच अशी अट पडते. नाच्या व्हायला कोणी तयार नाही. फड मोडू द्यायचा नसेल तर गुणालाच ते करावं लागणार. स्वप्न पुरं होतंय, पण ज्या वेशात त्याने ते पाहिलं होतं त्या वेशात नाही. माझ्या लेखी सगळा सिनेमा या एका अटीत आहे, आणि दुसऱ्यांदा बघताना तिची किंमत कुठे कुठे वसूल होते ते शोधत जायचं.

त्यासाठी संवाद ऐकू नका, ते तुम्हाला पाठच असतील. अतुल कुलकर्णीचं शरीर बघा. पैलवानासाठी त्याने अंग कमावलं आणि नाच्यासाठी ते उतरवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी म्हणतो, मनगटावर लक्ष ठेवा. सुरुवातीला ते मोट हाकणाऱ्या, शड्डू ठोकणाऱ्या माणसाचं मनगट आहे. मग ते सैल पडायला शिकतं. मान कधी कलते, खांदे कधी उतरतात, पाऊल टाचेवरून चवड्यावर कधी येतं? आणि रंगमंचावरून उतरल्यावर गावातून चालताना, बायकोसमोर उभं राहताना त्यातलं काय उरतं? मला विचाराल तर मराठी पडद्यावर इतकं सोसून केलेलं काम फार थोडं आहे. एकदा फक्त एवढंच बघण्यासाठी सिनेमा लावला तरी वेळ सार्थकी लागेल.

मध्येच थांबवून मागे नेणं मला पटत नाही, पण दोन लावण्यांपुरती मुभा घ्या. ‘अप्सरा आली’मध्ये पडद्यावर नयनाच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी आहे, ‘वाजले की बारा’मध्ये अमृता खानविलकर. आवाज दोन्हीकडे बेला शेंडेचा. एकदा नाच बघून घ्या, मग डोळे मिटून पुन्हा ऐका. एकीत रूपाचा थाट आहे, स्वर भरून, ऐसपैस लागतो. दुसरीत घरी जाऊ द्या अशी विनवणी आहे आणि त्याच विनवणीत थांबवून धरायचा ठसका आहे. गळा एकच, पण शब्द सोडायची जागा बदलते. ढोलकीवाला त्या जागेवर कसा थांबतो तेही ऐका. गुरू ठाकूरचे शब्द ठेक्यात किती चपखल बसलेत ते तिथे कळतं.

उत्तरार्ध सलग बघा. गुणावर होणारा अत्याचार बघवत नाही, म्हणून घरात लहान मुलं असतील तर त्यांना सोबत बसवायचं की नाही हे आधीच ठरवा. ‘खेळ मांडला’ आलं की उठू नका, बोलू नका. अजय गोगावलेचा तो आवाज एरवी सुटा ऐकलेला असतो, इथे मात्र त्याच्या मागे सगळा संसार उद्ध्वस्त झालेला असतो.

पुढच्या खेपेला द्वारकीच्या बाजूने बघा. विभावरी देशपांडेने रंगवलेली ही बायको पहिल्यांदा बघताना कित्येकांना गुणाच्या वाटेतली अडचण वाटते. तिच्याकडे फड नाही, टाळ्या नाहीत, फक्त गावाचं बोलणं आहे. ती बाजू धरून बघितलं की गुणाबद्दलची माया कमी होत नाही, पण त्याच्या प्रत्येक निर्णयाला दुसरी कड दिसते. फडाची जुळवाजुळव करणारा किशोर कदमचा पांडोबाही तेव्हा जास्त उमगतो: फड चालला पाहिजे हे तोही मनापासूनच म्हणतोय.

आणि कादंबरी वाचाच. हा सिनेमा आनंद यादवांच्या ‘नटरंग’वर बेतलाय. यादव मूळचे कागलचे, ती माती आणि ती बोली त्यांच्या अंगातली. १ जानेवारी २०१० ला आलेला रवी जाधवचा हा पहिलाच सिनेमा, आणि मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण पुस्तकातला गुणा मनातल्या मनात जितका बोलतो तितकं पडद्यावर मावत नाही. सिनेमा आधी बघा, पुस्तक नंतर, आणि मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. सुरुवातीची काही पानं मोठ्याने वाचा, म्हणजे बोलीचा ठेका जिभेवर बसतो आणि पुढचं आपोआप पळतं.