टँगोच्या गटातील माणसे टिकवायची कशी

टँगोचा नवा वर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यात जागा अपुरी पडते, आणि वर्षभराने त्यांतील मोजकीच माणसे मिलोंगेत, म्हणजे टँगोच्या नृत्यसभेत, दिसतात, हा बहुतेक शहरांतील आयोजकांचा अनुभव आहे. गळती भरून काढण्यासाठी सहसा आणखी एक नवा वर्ग काढला जातो. माझे मत असे आहे की माणसे वर्गातून फारशी जात नाहीत. ती वर्ग आणि मिलोंगा यांच्यामधील टप्प्यावर गळतात, आणि आयोजकांनी आपली शक्ती तिथेच लावली पाहिजे.

कोण केव्हा सोडतो, हे आधी पाहावे. लीडरची, म्हणजे जोडीला नेणाऱ्याची, भूमिका शिकणारा बहुधा पहिल्या काही महिन्यांतच खचतो, कारण त्याला संगीत ऐकायचे असते, पुढचे पाऊल ठरवायचे असते, जोडीदाराला सांभाळायचे असते आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या रांगेत कोणाला धक्काही लागू द्यायचा नसतो. फॉलोअरची, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या जोडीदाराची, सुरुवात त्या मानाने सुखाची होते, कारण अनुभवी लीडर तिला सहज सोबत नेतो. तिची निराशा नंतर येते: गटात लीडर कमी असतात, नवशिक्या म्हणून तिच्याकडे वळणारे लक्ष ओसरते आणि संध्याकाळचा बराच काळ खुर्चीवर जाऊ लागतो. या दोघांना एकच उपाय लागू पडत नाही.

मिलोंगेची रचना नवागताच्या खुर्चीवरून पाहण्यासारखी आहे. संगीत तांद्यांमध्ये वाजते; एका तांद्यात एकाच वाद्यवृंदाच्या तीन किंवा चार रचना असतात, आणि दोन तांद्यांच्या मध्ये कोर्तिना नावाचा वेगळ्या संगीताचा छोटा तुकडा वाजतो, तेव्हा सगळे जागेवर परततात. निमंत्रण शब्दांनी दिले जात नाही. नजर भिडते, मान हलते, समोरून होकार आला तरच जोडी उठते. नजरेच्या या निमंत्रणाची, म्हणजे काबेसेओची, खरी सोय अशी की नकार कोणालाही उघडपणे द्यावा वा सोसावा लागत नाही. पण नवी व्यक्ती दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, खांबाच्या आड बसली असेल, तर तिची नजर कोणापर्यंत पोहोचतच नाही, आणि एक तांदा हुकला की पुढची दहा-बारा मिनिटे ती तशीच बसून राहते. म्हणून दिवे इतके ठेवावेत की समोरच्या भिंतीलगतच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसेल, आणि नव्यांना पहिल्या रांगेत, अनुभवी नर्तकांच्या शेजारी बसवावे.

संकेत आधी सांगून ठेवावेत, ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण ती माणसे वाचवते. पहिली रचना संपल्यावर नवागत सौजन्याने ‘धन्यवाद’ म्हणतो. टँगोच्या रिवाजात त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो, आणि जोडीदार त्याला जागेपर्यंत सोडून निघून जातो. त्या माणसाला आपले काय चुकले हे कळत नाही आणि तो पुन्हा येत नाही. प्रत्येक मिलोंगेत एका जुन्या सभासदाकडे नव्यांना असे संकेत सांगण्याचे, त्यांची ओळख करून देण्याचे आणि त्यांच्यासोबत किमान एक तांदा नाचण्याचे काम नेमून द्यावे. ‘सगळेच बघतील’ असे म्हटले की कोणीच बघत नाही.

सर्वांत जास्त मेहनत मात्र प्राक्टिकेवर, म्हणजे सरावाच्या बैठकीवर, घ्यावी. ब्युनोस आयर्समध्ये १९४० च्या दशकात तरुण पुरुष मिलोंगेत पाऊल टाकण्यापूर्वी पुरुषांच्याच सरावगटांत शिकत, आणि तिथे ते आधी फॉलोअरची भूमिका करत, असे त्या पिढीतील नर्तक सांगत आले आहेत. आज ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. आठवड्यातून एकदा, कमी शुल्कात, दोन तासांची प्राक्टिका भरवावी. तिथे थांबून विचारण्याची, चुकण्याची आणि भूमिका बदलून पाहण्याची मुभा असावी. संगीत हुआन दारिएन्सोसारख्या ठळक ठेक्याच्या वाद्यवृंदांपासून सुरू करावे. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या थांबत, ताणत जाणाऱ्या रचना नवशिक्याला गोंधळात टाकतात. भूमिका बदलण्याची सवय लागली की लीडर-फॉलोअर संख्येचा प्रश्नही सौम्य होतो, शिवाय स्त्रीने लीड करणे किंवा दोन पुरुषांनी एकत्र नाचणे यात कोणाला वावगे वाटेनासे होते. पुण्या-मुंबईसारख्या शहरांतील लहान गटांत, जिथे चार लीडर गैरहजर राहिले तरी संध्याकाळ बिघडते, तिथे हे अधिकच निकडीचे आहे.

नाचता नाचता जोडीदाराच्या चुका काढणे मिलोंगेत निषिद्ध आहे, आणि आयोजकाने हा नियम खरोखर पाळून घ्यावा. मनापासून नाचायला आलेल्या स्त्रीला अनोळखी माणसाकडून तीन रचनाभर धडे ऐकावे लागले तर तिने परत का यावे? नको इतकी जवळीक करणाऱ्या किंवा हात पिरगाळणाऱ्या नर्तकाविषयी तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव दारावरच लिहिलेले असावे. तक्रार खरी ठरली तर तो माणूस कितीही उत्तम नाचत असो, त्याला येण्यास मनाई करावी. त्याच्यामुळे मुकाट्याने निघून गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही, म्हणूनच हा निर्णय सतत पुढे ढकलला जातो.

जुने नर्तक निराळ्या कारणांनी दूर जातात: लहान मूल, गुडघेदुखी, रात्रीची जागरणे. ब्युनोस आयर्समध्ये मध्यरात्रीनंतर रंगणाऱ्या मिलोंगांबरोबर दुपारच्या मिलोंगाही भरतात; आपणही महिन्यातून एक रविवार दुपारचा ठेवावा. जुन्यांना गमावणे गटाला फार महागात पडते. अर्जेंटिनात १९५५ च्या लष्करी उठावानंतर मिलोंगा रोडावत गेल्या, आणि १९८३ मध्ये लोकशाही परतल्यावर टँगोकडे वळलेल्या तरुणांना शिकवायला उरले होते ते त्या जुन्या सभांतील वयस्कर नर्तकच. अशांना तांदे निवडण्याचे किंवा प्राक्टिकेत नव्यांना हात देण्याचे काम द्यावे.

हजेरीची साधी वही ठेवावी, आणि नियमित येणारी व्यक्ती सलग तीन आठवडे दिसली नाही तर तिच्याशी परिचित असलेल्या एखाद्याने फोन करावा. गटावर टाकलेल्या सामूहिक संदेशाने हे काम होत नाही. फोनवर येण्याचा आग्रह धरू नये. काय अडले ते विचारावे, ऐकून घ्यावे, आणि अडचण वेळेची, पैशांची की एखाद्या माणसाची, हे त्याच वहीत टिपून पुढच्या महिन्याचे वेळापत्रक ठरवताना ते पान उघडून बसावे.